मोबाइलवर जपानी मांगा आणि ओसीआर : नागपूरच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरागाना-काताकाना (जपानीच्या उच्चार दाखवणाऱ्या दोन लिप्या) जेमतेम येतो, कांजी (चिनीतून आलेली अक्षरं) दिसली की घाम फुटतो आणि हातात फक्त मोबाइल आहे, अशांसाठी हे पान आहे. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. नागपुरात इंग्रजी मांगा आता सहज मिळतो, मूळ जपानी मात्र बहुतेक जण फोनवरच वाचतात. म्हणून इथे भर फोनवर आहे. खालच्या उत्तरांत एक गोष्ट फिरून फिरून येईल: चित्रातल्या अक्षरांची ओळख चुकली तर दहांतल्या बहुतेक वेळी दोष ॲपचा नसतो, त्याला दिलेल्या चित्राचा असतो. ॲप बदलण्याआधी चित्र सुधारा.

ओसीआर म्हणजे भाषांतरच ना?

नाही. चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा कॉपी करता येईल असा मजकूर बनवणं, एवढंच ओसीआरचं काम. त्यानंतर शब्द तोडणं येतं, कारण जपानीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. मग शब्दकोश आणि सगळ्यांत शेवटी भाषांतर. ‘ॲपने काहीच्या काही सांगितलं’ अशी तक्रार असेल तर आधी चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते बघा. ओळखलेला मजकूर कॉपी करून नोट्समध्ये टाका आणि संवादाच्या फुग्यातल्या अक्षरांशी एकेक करून ताडून पाहा. अक्षरं बरोबर असतील तर ओसीआर सुटला, गडबड पुढे आहे. अक्षरंच चुकली असतील तर भाषांतराला बोल लावण्यात अर्थ नाही.

नेमकं कोणतं ॲप घ्यावं?

अँड्रॉइडवर सुरुवात गूगल लेन्सपासून करा. बहुतेक फोनांत ते आधीच असतं, उभी जपानी बऱ्यापैकी वाचतं आणि फुकट आहे. त्याला इंटरनेट लागतं आणि चित्र सर्व्हरवर जातं, हे लक्षात असू द्या. २०२४ पासून काही फोनांत ‘सर्कल टू सर्च’ आलं आहे. तुमच्या फोनमध्ये असेल तर स्क्रीनशॉट न काढता फुग्याभोवती बोट फिरवलं की काम होतं.

आयफोनवर ‘लाइव्ह टेक्स्ट’ वापरा. त्यात जपानी आली आयओएस १६ पासून (२०२२), आणि फोन एक्सआर किंवा एक्सएस किंवा त्यानंतरचा हवा. सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेज अँड रीजन’खाली लाइव्ह टेक्स्ट चालू करा आणि तिथेच जपानी भाषा यादीत घाला. शब्दकोशाच्या सेटिंगमध्ये जपानी-इंग्रजी कोश डाउनलोड करून ठेवला की शब्दावर बोट दाबून ‘लुक अप’ करता येतं.

तिसरा प्रकार तरंगत्या चौकटीच्या ॲपांचा. मांगा वाचायचं ॲप उघडं ठेवून त्यावर एक छोटी चौकट सरकवायची. चौकटीत जे येईल ते ओळखलं जातं आणि शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे दिसतो. अँड्रॉइडवरचं ‘काकु’ याच जातीचं (नावाला हसून घ्या एकदा, मग कामाला लागा). ज्यांना पानामागे दोन-तीनच शब्द अडतात, त्यांना हा प्रकार सर्वांत सोयीचा.

आणि ज्यांना अख्खा खंड एकदाच तयार करून नंतर निवांत वाचायचा आहे, त्यांच्यासाठी मोकुरो. त्याला लॅपटॉप लागतो. त्यावर पुढे वेगळा प्रश्न आहे.

बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) घेतलेला स्वस्तातला फोन चालेल का?

चालेल. लेन्सची मेहनत सर्व्हरवर होते, तुमच्या फोनवर नाही. तरंगत्या चौकटीच्या ॲपला मात्र ४ जीबीपेक्षा कमी रॅम असली की धाप लागते. मांगाचं ॲप मागे बंद पडतं आणि पान पुन्हा पहिल्यापासून उघडतं. पैसे खर्च करायचेच असतील तर प्रोसेसरपेक्षा पडद्यावर करा. ७२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यापेक्षा १०८० चा केव्हाही बरा. का, ते पुढच्या उत्तरात.

पूर्ण पान दिलं की कचरा येतो, एक फुगा दिला की बरोबर येतं. असं का?

याचं उत्तर साध्या गणितात आहे. बी-६ आकाराचं मांगाचं पान १२८ मिमी रुंद आणि १८२ मिमी उंच असतं. संवादातलं अक्षर साधारण ३ मिमी धरा, त्याशेजारची फुरिगाना (कांजीचा बारीक अक्षरांत दिलेला उच्चार) दीड मिमी. कांजीसारख्या गच्च अक्षराला ओळखू येण्यासाठी निदान २४ पिक्सेल उंची हवी.

आता १०८० बाय २४०० चा फोन घ्या. उभ्या फोनवर जोडपान उघडलं तर एका पानाला ५४० पिक्सेल मिळतात आणि अक्षराला साधारण १३. इथे कांजीच्या आतल्या रेघा एकमेकींत मिसळून काळा ठिपका होतो. फोन आडवा केला तर अक्षर १८ पिक्सेलपर्यंत जातं, तेही अपुरं. उभ्या फोनवर एकच पान ठेवलं तर २५, म्हणजे काठावर पास. त्यावर दुप्पट झूम केलं की अक्षर ५० आणि फुरिगाना २५. इथून पुढे ॲप चुकलं तर खुशाल ॲपला दोष द्या.

म्हणून नियम असा: मांगाच्या ॲपमध्ये ‘एक पान’ मोड लावा, बोटांनी झूम करून फुगा पडद्याच्या निम्म्या रुंदीचा करा आणि मग स्क्रीनशॉट घ्या. आधी स्क्रीनशॉट घेऊन नंतर तो मोठा करण्यात काही मिळत नाही, कारण हरवलेले पिक्सेल परत येत नाहीत. मूळ फाइलच कमी दर्जाची असेल तर झूमनेही भागत नाही. कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसायला लागल्या की समजा, फाइलमध्ये आता आणखी काही उरलेलं नाही.

पूर्ण पान देण्यात दुसराही तोटा आहे. फुगे कुठल्या क्रमाने वाचायचे हे ॲपला ठरवावं लागतं आणि तिथे ते हमखास अडखळतं. मांगाचं पान उजवीकडून डावीकडे, वरून खाली वाचतात. चौकटी तिरप्या-तारप्या असल्या की माणूसही क्षणभर थबकतो.

लेन्सने एक फुगा वाचायचा, तर पायऱ्या कोणत्या?

झूम करून स्क्रीनशॉट घ्या. तो लगेच फुग्याच्या कडेपर्यंत कापा, पण पांढरा काठ थोडा राहू द्या. अक्षराला चिकटून कापलं तर काठावरचं अक्षर गळतं. लेन्समध्ये उघडून आधी मजकूर निवडण्याच्या भागात जा, भाषांतराच्या नाही. भाषांतराच्या भागात मूळ अक्षरांवर इंग्रजीची पट्टी चिकटते आणि काय ओळखलं गेलं तेच दिसत नाही. सगळा मजकूर निवडून कॉपी करा, शब्दकोशात पेस्ट करा. अँड्रॉइडवर ताकोबोतो हा कोश इंटरनेटशिवाय चालतो. आयफोनवर शिराबे जिशो चांगला. भाषा ‘आपोआप ओळखा’वर सोडू नका. नुसत्या कांजी असलेला छोटा फुगा चिनी समजला जातो आणि अक्षरं चिनी रूपात परत येतात.

ओळखलेलं वाक्य उलटंपालटं येतं. अक्षरं तर सगळी बरोबर आहेत!

उभ्या ओळींचा क्रम चुकला. समजा फुग्यात तीन उभ्या ओळी आहेत. उजवीकडून पहिली ‘क्यो वा’ (आज), मधली ‘गाक्को नि’ (शाळेत), डावीकडची ‘इकानाइ’ (जाणार नाही). ॲपने आडव्या मजकुराच्या सवयीने डावीकडून सुरुवात केली तर हातात येतं ‘इकानाइ गाक्को नि क्यो वा’. जपानीत क्रियापद शेवटी येतं, अगदी मराठीसारखं. त्यामुळे ही चूक पकडायला सोपी आहे: क्रियापद सुरुवातीला आणि ‘वा’, ‘नि’, ‘ओ’ असा प्रत्यय शेवटी लोंबकळत असेल तर ओळी उलट्या लावा.

दुरुस्ती हातानेच करावी लागते. उजवीकडची ओळ आधी निवडून कॉपी, मग मधली, मग डावीकडची. फुग्यात चार-पाच ओळी असतील तर दोन तुकड्यांत कापलेलं बरं. टेसरॅक्ट या मुक्त ओसीआर प्रोग्रामवर चालणारं ॲप असेल तर सेटिंगमध्ये जपानीसाठी दोन मॉडेलं दिसतात, साधं आणि उभ्या मजकुराचं. मांगाला दुसरं लावा. आडव्याचं मॉडेल उभ्या फुग्याला लावलं तर क्रमच काय, अक्षरंही धड येत नाहीत.

फुरिगानामुळे शब्द दोनदा येतो. काय करावं?

फुरिगाना म्हणजे कांजीच्या उजवीकडे बारीक हिरागानात लिहिलेला उच्चार. लहान मुलांच्या आणि शोनेन-शोजो (किशोर-किशोरींच्या) मासिकांतल्या मांगात तो जवळपास प्रत्येक कांजीला असतो, मोठ्यांच्या सेइनेन मांगात अधूनमधून. ओसीआरला कधी ही बारीक अक्षरं वेगळी ओळ वाटतात, कधी मूळ शब्दाच्या मधोमध घुसतात. मग ‘गाक्को’ची पहिली कांजी, तिचा उच्चार, दुसरी कांजी, तिचा उच्चार, अशी खिचडी होते आणि कोशात शब्द सापडत नाही.

पेस्ट केल्यावर कांजींमधला हिरागाना खोडून टाका, दोन सेकंदांचं काम आहे. पण फुरिगानाला अडथळा समजू नका. ती असताना ओसीआरची गरजच निम्मी होते: उच्चार वाचा, कोशात टाइप करा, शब्द मिळाला. नवख्यांनी पहिला मांगा निवडताना चित्रशैली नंतर बघावी, पूर्ण फुरिगाना आहे का ते आधी बघावं. जपानमध्ये रोजच्या वापराच्या म्हणून ठरवलेल्या कांजीच २,१३६ आहेत. त्या पाठ होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर मांगा राहूनच जाईल.

कोणती अक्षरं हमखास चुकतात?

काताकानातला ‘शि’ आणि ‘त्सु’, तसेच ‘सो’ आणि ‘न्’. फरक फक्त रेघांच्या कलाचा असतो आणि तिरप्या अक्षरांत तोही मोडतो. त्याखालोखाल कांजीसारखे दिसणारे काताकाना. ‘रो’ आणि तोंडाची कांजी, ‘का’ आणि शक्तीची, ‘ता’ आणि संध्याकाळची, ‘नि’ आणि दोनची, ‘हा’ आणि आठची, ‘ए’ आणि कारागिरीची. या जोड्या छपाईत जवळजवळ सारख्याच असतात. संदर्भाशिवाय माणसालाही सांगता येणार नाही, ॲपचं काय घेऊन बसलात! आजूबाजूचं अक्षर काताकाना असेल तर हेही काताकानाच धरा.

स्वर लांबवणारी रेघ उभ्या मजकुरात उभीच छापतात. ती कधी १ होऊन येते, कधी इंग्रजी एल, कधी नुसती दांडी. परदेशी नावांत ही रेघ फार असते, त्यामुळे पात्राचं नाव दर पानाला नव्या अवतारात येतं.

लहान ‘त्सु’ पुढचं व्यंजन जोडाक्षरासारखं दुप्पट करतो. तो मोठा वाचला गेला की अर्थच बदलतो: ‘इता’ म्हणजे होता, ‘इत्ता’ म्हणजे गेला. आणि ‘हा’चा ‘बा’ किंवा ‘पा’ करणारी चिन्हं इतकी बारीक असतात की मागच्या राखाडी ठिपक्यांतला एखादा ठिपका त्यांची जागा घेतो. राखाडी छटेवर छापलेल्या संवादात अशी चूक दिसली तर फोटो एडिटरमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून, छटा पांढरी पडेपर्यंत ब्राइटनेस चढवून पुन्हा द्या.

मांगाची छपाईही वेगळी असते. कांजी जाड गॉथिक वळणात आणि काना (हिरागाना-काताकाना) वेगळ्याच, ब्रशसारख्या वळणात, असं मिश्रण फुग्यांत सर्रास असतं. वर्तमानपत्राच्या मजकुरावर तयार झालेला ओसीआर इथे गडबडतो.

‘धाड्’, ‘धडाम्’ असे चित्रातले आवाज का वाचले जात नाहीत?

ते हाताने काढलेलं चित्रच असतं. प्रयत्न सोडा. त्याऐवजी नेहमीचे वीस-पंचवीस आवाज तोंडओळखीचे करून घ्या: ‘डोन’ (दणका), ‘डोकी डोकी’ (छातीची धडधड), ‘गोगोगो’ (काहीतरी भयंकर येतंय), ‘शीन’ (भयाण शांतता). बहुतेक आवाज काताकानात असतात. सुटं सुटं अक्षर वाचता आलं की पुरे. फुग्याबाहेर लेखकाने बारीक हस्ताक्षरात टाकलेल्या टिप्पण्यांनाही हेच लागू. गंमत तिथेच जास्त असते, हे दुर्दैव.

माझ्याकडे छापील पुस्तक आहे. फोटो कसा काढावा?

फ्लॅश बंद. खिडकीशेजारी, बाजूने येणाऱ्या उजेडात पुस्तक सपाट ठेवा. मे महिन्यातली दुपारची थेट उन्हं नकोत, कागद पांढराफट्ट होऊन बारीक रेघा उडतात. पडदा ओढा किंवा सकाळी करा. फोन जवळ नेला की त्याचीच सावली पडते. २५-३० सेंटीमीटर वर धरून २x झूम घ्या.

पानाखाली काळा कागद सरकवा. मांगाचा कागद पातळ असतो आणि मागच्या पानावरची चित्रं पुढे झिरपतात. काळ्या कागदाने ती दबतात आणि ओळख लगेच सुधारते. एवढ्या स्वस्तात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

बांधणीजवळचा मजकूर वाकतो, तो फुगा वेगळा, त्याच्याकडे कॅमेरा थोडा कलता धरून घ्या. एक खास इथली गोष्ट: वाळ्याच्या कूलरसमोर पुस्तक उघडू नका. दमट हवेने पानं लाटांसारखी होतात आणि सरळ ओळ नागमोडी येते.

स्कॅनर असेल तर ३०० डीपीआयला बी-६ पान साधारण १५०० बाय २१५० पिक्सेलचं होतं, अक्षराला ३५ मिळतात. संवादाला ते पुरतं. फुरिगाना हवी असेल तर ६०० ला करा. दुसऱ्या फोनच्या पडद्याचा फोटो मात्र शक्यतो काढू नका. पडद्याची जाळी आणि मांगाचे राखाडी ठिपके मिळून लहरी उमटतात आणि अक्षरं त्यात बुडतात.

स्क्रीनशॉट काळा येतो.

काही ई-बुक ॲपांनी स्क्रीनशॉट मुद्दाम बंद केलेला असतो. तो ॲपचा निर्णय आहे, फोन बिघडलेला नाही. अशा ॲपवर तरंगती चौकटही चालणार नाही, कारण तीसुद्धा आतून पडद्याचं चित्रच घेते. त्याच दुकानाचं ब्राउझरमधलं वाचनपान आहे का बघा. नाहीतर दुर्बोध शब्द हाताने लिहून शोधा (शेवटचा प्रश्न पाहा).

तरंगती चौकट थोड्या वेळाने गायब होते.

बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगने ती मारली. शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी या फोनांत हे फार होतं. त्या ॲपला ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी द्या, बॅटरीच्या पानावर ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा आणि ‘इतर ॲपांवर दिसू द्या’ ही परवानगी तपासा. अँड्रॉइड १४ पासून पडदा टिपण्याची संमती दर वेळी नव्याने विचारली जाते, ती टाळता येत नाही.

मोकुरो म्हणजे काय आणि ते फोनवर कसं आणायचं?

मोकुरो हा फुकटचा मुक्त प्रोग्राम आहे. पानावरचे फुगे तो स्वतः शोधतो, मांगासाठीच शिकवलेल्या ‘मांगा ओसीआर’ मॉडेलने वाचतो आणि चित्रावर अदृश्य मजकुराचा थर बसवतो. मग फुग्यावर बोट ठेवलं की मजकूर निवडता येतो. उभा-आडवा मजकूर, फुरिगाना, चित्रावर छापलेली अक्षरं, हे सगळं तो फोनवरच्या ॲपांपेक्षा चांगलं पेलतो. फुरिगाना तर तो सरळ वगळतो, म्हणजे वरची खिचडी होत नाही.

लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा बसवा, तिच्या ‘पिप’ या साधनाने मोकुरो बसवा. एका खंडाची सगळी पानं एका फोल्डरमध्ये ठेवा. फाइलींची नावं ००१, ००२ अशी, नाहीतर १ नंतर १० येऊन पानं विस्कटतात. मग मोकुरोला त्या फोल्डरचा पत्ता द्या. पहिल्या वेळी सुमारे ४०० एमबीचं मॉडेल उतरतं. ग्राफिक कार्ड असेल तर काम भराभर होतं. साध्या लॅपटॉपवर रात्री लावून सकाळी बघायचं, आणि त्या रात्री लाइट जाऊ नये अशी प्रार्थना करायची. लॅपटॉप अगदीच मरतुकडा असेल तर गूगल कोलॅबवर (गूगलच्या सर्व्हरवर प्रोग्राम चालवायची सोय) फुकटचा जीपीयू, म्हणजे ग्राफिक प्रोसेसर मिळतो.

शेवटी फोल्डरशेजारी .मोकुरो फाइल तयार होते. ती आणि चित्रांची झिप फोनवर घेऊन मोकुरो रीडर या वेबपानात उघडा. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या, त्यात योमितान हे एक्स्टेन्शन चालतं. योमितानमध्ये जेएमडिक्ट हा जपानी-इंग्रजी कोश आयात करा (फोनवर वेळ लागतो, मध्येच पान बंद करू नका) आणि मग शब्दाला स्पर्श केला की अर्थ. क्रियापदाची रूपं तो स्वतः सोडवतो, म्हणजे ‘इकानाइ’वरून ‘इकु’ सापडतो. खंड ब्राउझरच्या साठ्यात राहतात. ब्राउझिंग डेटा साफ केला की तेही जातात, म्हणून मूळ झिप जपून ठेवा.

एक सावधगिरी. मांगा ओसीआर कधीच ‘इथे काही नाही’ म्हणत नाही. रिकाम्या ढगालाही तो मजकूर समजतो आणि चक्क शुद्ध, अर्थपूर्ण जपानी वाक्य रचून देतो. लेन्सची चूक विचित्र दिसते म्हणून कळते, याची चूक सुंदर दिसते म्हणून कळत नाही. चित्रात मोजून चार अक्षरं आणि मजकुरात बारा, असं दिसलं की ओळखा. हस्ताक्षर त्यालाही जमत नाही.

काही कांजी पुस्तकात वेगळ्या आणि फोनवर वेगळ्या दिसतात.

युनिकोडने (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकाने) चिनी आणि जपानी कांजींना बऱ्याच ठिकाणी एकच क्रमांक दिला आहे. कुठलं रूप दाखवायचं ते फोन भाषेच्या यादीवरून ठरवतो. यादीत जपानी नसेल तर चिनी वळण येतं. ‘सरळ’ आणि ‘हाड’ या अर्थांच्या कांजींत फरक लगेच दिसतो. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी किंवा इंग्रजीखाली जपानी जोडा. फोनची भाषा बदलत नाही, फक्त अक्षरं जपानी वळणाची होतात.

सरळ मराठीत भाषांतर करून घेतलं तर?

होतं, पण सध्या तरी इंग्रजीचं भाषांतर जास्त भरवशाचं. जपानी संवादात कर्ता बहुतेक वेळा गाळलेला असतो आणि क्रियापदाला लिंग नसतं. ‘इत्ता’ म्हणजे मी गेलो, मी गेले, तो गेला, ती गेली, काहीही. मराठीला लिंग ठरवावंच लागतं. एकट्या फुग्यावरून यंत्राला ते कळत नाही आणि नायिका ‘मी गेलो’ म्हणून मोकळी होते. ‘सुकि दा’ला ‘मला ते आवडते’ असं कोरडं उत्तर मिळतं आणि प्रेमाची कबुली पुस्तकी होऊन बसते.

आमचा सल्ला: शब्द कोशातून घ्या, वाक्य स्वतः मराठीत जुळवा. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम दोन्हीकडे सारखा, प्रत्यय शब्दामागे लागतात तेही सारखं. ‘ओमाए’, ‘किमि’, ‘अनाता’ (तिन्ही म्हणजे तू किंवा तुम्ही) यांतला फरक इंग्रजी एकाच शब्दात गुंडाळते, मराठीत तू-तुम्हीच्या तारेवर तो बराच टिकतो. यंत्राचं भाषांतर शेवटी पडताळायला वापरा.

बोलीतली रूपंही यंत्राला अडवतात. ‘सुगोइ’चं ‘सुगे’, ‘शिरानाइ’चं ‘शिराने’ असं मुलं-गुंड सर्रास बोलतात. शब्द सापडला नाही तर शेवटचा ‘ए’ काढून ‘आइ’ किंवा ‘ओइ’ लावून बघा.

ट्रेनमध्ये रेंज नसते, तेव्हा?

नागपूर-मुंबई प्रवासात कसारा घाटातल्या बोगद्यांत रेंज जाणारच. निघण्याआधी गूगल ट्रान्सलेटमध्ये जपानी आणि इंग्रजी ऑफलाइन उतरवून ठेवा, ताकोबोतो घ्या. लाइव्ह टेक्स्ट फोनमध्येच चालतं. सगळ्यांत निर्धास्त म्हणजे मोकुरोने आधीच तयार केलेला खंड.

उन्हाळ्यात फोन तापून मंद होतो.

४५ अंशांच्या नागपुरात फोनचा दोष नाही. ॲपलच आपल्या फोनांसाठी ० ते ३५ अंशांची हवा सांगते. तापलेला फोन आधी पडद्याचा उजेड कमी करतो, मग वेग. चार्जिंगवर लावून तरंगती चौकट चालवू नका, कव्हर काढा.

नागपुरातून जपानी मांगा विकत कसा घ्यावा? आणि हे कायदेशीर आहे का?

जपानी ई-बुक दुकानांत यूपीआय धरून बसू नका. कार्ड लागतं आणि त्यावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावा लागतो. चलन बदलाचं शुल्क वेगळं. पैसे देण्याआधी ‘तामेशियोमी’ म्हणजे फुकटचा नमुना उघडा. फुरिगाना आहे का, स्क्रीनशॉट येतो का, झूम केल्यावर अक्षर स्वच्छ राहतं का, या तिन्ही गोष्टी नमुन्यावरच तपासून घ्या. शुएइशा या जपानी प्रकाशकाच्या मांगा प्लसवर (२०१९ पासून) अनेक मालिकांची इंग्रजी प्रकरणं अधिकृतपणे फुकट मिळतात. तेच प्रकरण आधी इंग्रजीत वाचून मग जपानीत घेतलं की ओसीआरच्या चुका झटकन डोळ्यांत भरतात.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापरासाठी ‘फेअर डीलिंग’ची मुभा देतं. विकत घेतलेल्या पानातला फुगा स्वतःसाठी ओळखून घेणं वेगळं आणि तयार केलेला मोकुरो खंड टेलिग्रामवर वाटणं वेगळं. जपानने तर १ जानेवारी २०२१ पासून चोरीचा मांगा जाणूनबुजून डाउनलोड करण्यावरही बंदी आणली आहे.

अडलेले शब्द साठवायचे कसे?

अँकी या पाठांतराच्या कार्डांच्या ॲपमध्ये. अँड्रॉइडवरचं अँकीड्रॉइड फुकट आहे, आयफोनवरचं अँकी विकतचं. शब्दासोबत फुग्याचा कापलेला स्क्रीनशॉट कार्डावर लावा, नुसता शब्द लवकर विसरतो. पानामागे दोन शब्द पुरेत. प्रत्येक शब्द साठवणारे तिसऱ्या प्रकरणात दमतात.

काहीच चालत नसेल, एकच कांजी अडली असेल तर?

जीबोर्डमध्ये जपानी भाषा जोडताना ‘हँडरायटिंग’ निवडा आणि कांजी बोटाने काढा. रेघांचा क्रम वरून खाली, डावीकडून उजवीकडे ठेवला तर चुकीचं वळणही ओळखलं जातं. वर सुचवलेल्या पर्यायांत हुबेहूब तीच आहे ना, हे झूम करून पाहा. तेही जमलं नाही तर कोशातला मूलघटकांचा तक्ता उघडा आणि ओळखता येणारे दोन तुकडे निवडा, मग एकूण रेघांचा अंदाज द्या. फुरिगाना असेल तर यातलं काहीच करू नका, उच्चार टाइप करा. हिरागानाचा तक्ता अ-इ-उ-ए-ओ, मग क-स-त-न-ह-म-य-र-व असा लागतो. बाराखडी येणाऱ्याला अक्षर कुठे शोधायचं ते आपोआप कळतं.